तळहातावर तळहात

एक तळहात दुसऱ्यावर ठेवायचा आणि नखभर पुढे सरकवायचा. "एवढंच. पण हे एवढंच बंद पडलं ना, की बाईला भाकरी थापता येत नाही." आमच्या फिजिओथेरपी कॉलेजातल्या शरीररचनेच्या मॅडम प्रत्येक नव्या वर्गाला हे करून दाखवायच्या. पंचवटीत सिग्नलला स्कूटर थांबली तरी त्यांचे हात नकळत तसे सरकू लागायचे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांचा विषय हातात उतरलेला असतो.

मी तिथे ग्रंथपाल. मॅडम मोठा वैद्यकीय कोश घेऊन माझ्या खिडकीशी बसत. एकदा त्यांनी मला बोलावून 'आर्थ्रोडिया' हा शब्द दाखवला. सरकत्या सांध्याचं हे शास्त्रीय नाव. ग्रीकमध्ये 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा, आणि पुढच्या शेपटाचा अर्थ 'सारखा'. जुने ग्रीक वैद्य उथळ खोबणीच्या सांध्याला असं म्हणत. पुढे, जिथे सपाट हाडं एकमेकांवर थोडीशी सरकतात, त्या सांध्याला हे नाव चिकटलं.

"सांध्यासारखा म्हणे," मॅडम फणकारल्या. "म्हणजे खरा नाहीच. गुडघ्याला मान, खांद्याला मान, आणि मनगटातली ही बारकी हाडं दिवसभर राबतात, त्यांचा सांधा नुसता 'सारखा'."

इतक्या जुन्या वैद्यांवर इतकं मनापासून चिडलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला हसू आलं. मग त्यांनी कारण सांगितलं आणि हसू जिरलं.

त्यांची आई देवळ्याला कांद्याच्या चाळीत पडली होती. मनगट मोडलं, प्लास्टर झालं, निघालं. हाड छान जुळलं. पण आता हा हात रोज हळूहळू हलवा, असं त्या माउलीला कुणीही सांगितलं नाही. मनगट आखडलं ते आखडलंच. "आईची भाकरी नंतर कधी गोल झाली नाही," असं म्हणून मॅडमनी कोश मिटून टाकला.

म्हणून तोंडी परीक्षेला त्या स्वतःचा हात टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दाखव, कुठंय तो सरकता सांधा." एका वर्षी संस्थेतल्या बड्या पदाधिकाऱ्याचा भाचा समोर आला. त्याने छताकडे बघत व्याख्या घडाघडा म्हटली, नावाच्या उगमासकट, आणि बोट ठेवलं कोपरावर. कोपर दारासारखं उघडतं आणि मिटतं, तिथे सरकण्याचा काय संबंध? मॅडमनी पुन्हा विचारलं. त्याने दुसरं कोपर दाखवलं. मॅडमनी त्याला नापास केलं.

प्राचार्यांनी त्यांना वाचनालयातच गाठलं, माझ्यासमोर.

"मॅडम, व्याख्या तर बरोबर होती. जरा अ‍ॅडजस्ट करा."

"सर, पेशंट व्याख्या घेऊन येत नाही. मनगट घेऊन येतो."

"अहो, एका सांध्यासाठी किती ताणायचं?"

चिडल्या की मॅडमच्या बोलण्यात गाव उतरायचं. "एकच शे, सर. पण मनी मायना शे."

एकच आहे, पण माझ्या आईचा आहे, हे त्यांचं अहिराणी प्राचार्यांना कळलं नाही, आणि कळलं असतं तरी काही उपयोग नव्हता. भाचा पास झाला. गुण कुणी बदलले ते कॉलेजातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी मॅडमचं कंत्राट वाढवलं नाही. निरोपाचा साधा चहासुद्धा झाला नाही. त्या देवळ्याला परत गेल्या, एवढंच मला कळलं. नोकऱ्या काय, जातात आणि मिळतात. माझा संताप वेगळाच आहे. तो मुलगा आता कुठेतरी कुणाच्या तरी आईचं मनगट हातात घेऊन बसणार आहे, आणि त्याला तिथे काय सरकतं हे माहीत नाही.

परवा त्यांच्या जुन्या वर्गावरून जात होतो. भिंतीवर नवा टचस्क्रीन लागलाय, त्यावर रंगीत सांधे गोल गोल फिरतात. "आर्थ्रोडिया म्हणजे सरकता सांधा," अख्खा वर्ग एका सुरात म्हणत होता. उच्चार अगदी स्वच्छ. मी दारात थांबून आत पाहिलं. सगळ्यांचे हात बाकांवर पालथे पडले होते, आणि एकही सरकत नव्हता.