तुतीवरची काळी द्राक्षं

जॉर्जियातल्या आमच्या गुरिया भागात, ओतियाच्या परसातल्या तुतीवर एक जुनाट वेल चढला होता. त्याची बारीक काळी द्राक्षं फक्त कावळे खायचे. त्या जातीचं नावसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. शेजारीण मकवाला हिने ती मागितली, तेव्हा ओतिया हसून म्हणाला, "ने की! पण कावळ्यांना विचारून ने हं."

साठी उलटलेली मकवाला शिडी लावून झाडावर चढली. खाली जमलेल्या गावाने फुकटचे सल्ले दिले. तिने द्राक्षं तुडवली, अंगणात पुरलेल्या लहानशा रांजणात वाइन मुरायला भरली, झाकण लिंपलं आणि गप्प बसली.

वसंतात तिच्या पुतणीचं लग्न निघालं. पंगतीत पेला उंचावून भाषणं करायचा मान ओतियाचा. आपल्या वाइनचा त्याला भारी तोरा, म्हणून त्याने घरूनच घडा आणला होता. मकवालाने तो गुपचूप बदलला.

पहिल्याच घोटाला ओतियाने डोळे मिटले. "याला म्हणतात हात!" तो गरजला. "अशी लाल वाइन गावात दुसऱ्या कुणी करून दाखवली, तर मिशी उतरवीन."

"मग वस्तरा आणू का?" मकवाला म्हणाली. "तुझा घडा आत ठेवलाय. ही तुतीवरच्या द्राक्षांची आहे."

सगळी पंगत हसून लोळली. ओतिया वरमला, पण पेला काही त्याने खाली ठेवला नाही.

"मिशीचं राहू दे गं," तो हळूच म्हणाला. "त्या वेलाची कलमं दोघं मिळून लावू."

आता दोघांच्याही कुंपणावर तोच वेल आहे, आणि त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून रोज भांडण.