साडूंच्या बोटीचा काटा

चारचौघांत खाली मान कशी घालावी, हे मला माझ्या साडूंइतकं नीट कोणी शिकवलेलं नाही. ते आखातात, अजमानला राहतात, एका कार्यालयात हिशेब पाहतात, आणि जगातला एकही काटा खरं सांगत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. खिशात कायम एक पितळी वजन. सुपरमार्केटात भाजी मोजण्याआधी ते तराजूवर वजन ठेवत आणि आकडा निरखत उभे राहत. मागच्या रांगेतून "यल्ला, हबीबी!" अशी घाई ऐकू आली की मी कांद्यांकडे वळून अनोळखी होत असे. आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी आले की चहाच्या आधी भिंतीवरचं घड्याळ पाहणार आणि म्हणणार, "साडूभाऊ, तुम्ही जगाच्या मागे आहात."

मग त्यांनी एक जुनी, छोटी बोट घेतली. तिचा वीज बनवणारा आल्टरनेटर बदलला आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा आता चुकणारच, असं त्यांनी ठरवलं. तो काटा इंजिनाकडे थेट पाहत नाही. आल्टरनेटरकडून येणाऱ्या सिग्नलवरून अंदाज बांधतो. म्हणून खऱ्या फेऱ्या मोजून त्याच्या पाठीमागचा स्क्रू जुळवावा लागतो. साडूंनी इंजिनाच्या चाकावर चकचकीत पट्टी चिकटवली, प्रकाश टाकून चमका मोजणारं यंत्र रोखलं आणि काटा त्याबरहुकूम लावला. "कंपनीवाले निम्मं दाखवत होते," ते म्हणाले. "निम्मं! आणि लोक विश्वास ठेवतात."

एवढा खटाटोप सासऱ्यांसाठी होता. निवृत्त मुख्याध्यापक, पुण्याहून आले होते. थोरल्या जावयाचा उल्लेख ते आजवर "हौशी आहेत" यापुढे नेत नसत. त्यांच्या तोंडून एकदा "वा" निघावं, एवढंच साडूंना हवं होतं.

सासरे, साडू, त्यांची बायको म्हणजे माझी मेव्हणी, आणि मी, अशा चौघांना घेऊन बोट निघाली. साडूंनी काट्यावर छोटं भाषण दिलं. काटा अडीच हजारांवर होता आणि बोट वरातीसारखी चालली होती. एक मासेमारीची होडी शेजारून पुढे गेली. तीतला माणूस ओरडला, "भाईसाब, इंजन चालू है ना?"

"वाढवा थोडं," मी पुटपुटलो.

"इंजिनाची मर्यादा आहे. काटा खोटं बोलत नाही."

खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी समोरून आलं. सासरे बराच वेळ किनाऱ्याकडे पाहत होते.

"जावईबापू, ती इमारत आपल्याबरोबर येतेय का?"

साडूंनी नांगर टाकला, इंजिन बंद करून झाकण उघडलं. मेव्हणी वाकून पाहत एकदम खूश झाली. "अहो, दसऱ्याला लावलेली माझी टिकली अजून आहे की! तेलकट चाकावर कुंकू टिकेना, म्हणून लावली होती."

खड्यांची, चमचमती. पट्टीच्या बरोबर समोर. प्रत्येक फेरीला यंत्राने दोन चमका मोजल्या होत्या, आणि साडूंनी खऱ्या काट्याला दुप्पट बोलायला शिकवलं होतं.

सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मेव्हणी हसली. सर्वांत मोठ्याने मी हसलो. साडूंचे कान लाल झाले. टिकली पूजेची, म्हणून पाण्यात टाकवेना. त्यांनी ती नखाने हळूच काढून पितळी वजनावर चिकटवली.

"हिची चूक नाही," ते सासऱ्यांना म्हणाले. "मोजण्याआधी चाक पुसायला हवं होतं."

परतताना काट्याकडे न पाहता, इंजिनाच्या आवाजावरून त्यांनी बोट सुरेख आणली. पण तेव्हा सासरे पुण्याला फोनवर टिकलीची गोष्ट सांगण्यात गुंतले होते.

त्यानंतर साडूंनी कुठल्याच काट्याला टोकलं नाही. सुपरमार्केटात वजन खिशातच राहतं. मला अनोळखी व्हावं लागत नाही, आणि याचीच आता लाज वाटते. ते येणार असले की मी भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम मागे करून ठेवतो. गेल्या खेपेला त्यांनी वर पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि मग चहात बघत म्हणाले, "छान चाललंय तुमचं घड्याळ."