छापखान्याकडची खिडकी

मी काही कुणाच्या घरात डोकवायला जात नाही. पण लोणावळ्यातल्या आमच्या स्वयंपाकघराची खिडकीच भाऊंच्या छापखान्यासमोर उघडते, त्याला मी काय करू? हात भाकरीवर आणि कान तिकडे, अशी सोळा वर्षं गेली. तांदूळ निवडताना खडे बाजूला पडत जातात, तसे हे किस्से माझ्याजवळ पडत गेले. फरक एवढाच, की खडे फेकून देता येतात.

भाऊ म्हणजे छापखान्याचे मालक. पायानं चालवायचं एक मशीन, लाकडी खणांत भरलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, आणि ते खिळे जुळवणारे करीमभाई. एवढाच संसार. लग्नपत्रिका छापायच्या, चिक्कीच्या दुकानाचे कागद छापायचे, आणि दर शनिवारी चार पानांचं साप्ताहिक काढायचं.

बेचाळीस साली धरपकड सुरू झाली आणि पुण्याहून हुकूम आला. छापण्याआधी एकूणएक ओळ साहेबाला दाखवायची. वावगं काही सापडलं तर मशीन जप्त आणि भाऊ येरवड्याला. घरात सुशीलावहिनी, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले वडील. शिवाय करीमभाईंचं घर. सगळ्यांची चूल त्या एका मशीनवर पेटायची. तरीही भाऊ गप्प बसले नाहीत, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

*

पहिल्या आठवड्याचा मजकूर पुण्याहून परत आला तो निळ्या पेन्सिलीनं रंगून. सभेची बातमी कापलेली. अटकेची कापलेली. भातावर रोग पडल्याची कापलेली, कारण लोक घाबरतील. राहता राहिलं गाड्यांचं वेळापत्रक, तर तेही कापलं. युद्ध चालू आहे, शत्रूला गाड्या कळतील.

भाऊंनी लिहून कळवलं, "साहेब, हेच वेळापत्रक स्टेशनावर टांगलेलं आहे."

उत्तर आलं, "स्टेशन आमच्या खात्याकडे नाही."

मग भाऊंनी काय करावं? वर साप्ताहिकाचं नाव, खाली छापखान्याचा पत्ता, आणि मध्ये चारही पानं कोरी. असा अंक काढला. दुपारपर्यंत एक प्रत शिल्लक राहिली नाही. वळवणचे आबा, ज्यांना सहीलासुद्धा अंगठा लागायचा, ते दोन प्रती घेऊन निघाले होते.

मी म्हटलं, "आबा, यात काहीच नाही हो."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "आजवर दुसऱ्याकडनं वाचून घेत हुतो. ह्यो पयला अंक माझा मला वाचता आला."

*

साप्ताहिक बंद पडलं. भाऊंनी बाजारपेठेच्या कोपऱ्यावर काळा फळा टांगला आणि रोज सकाळी त्यावर खडूनं बातम्या लिहायला लागले. तिसऱ्या दिवशी फौजदारसाहेब आले आणि म्हणाले, "माझी सही असल्याशिवाय फळ्यावर अक्षर दिसता कामा नये."

"जशी आज्ञा," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भाऊ आणि करीमभाई तो अख्खा फळा उचलून साहेबांच्या दारात हजर. फळ्यावर बातमी, शिंप्याची शेळी हरवली. साहेबांनी डोळे चोळत खडूनं खाली सही केली. तिसऱ्या दिवशी पोस्टाच्या पेटीला रंग दिल्याची बातमी. चौथ्या दिवशी शेळी सापडली. रोज त्याच वेळी, रोज कडी वाजवून. आठवड्यानं साहेब मच्छरदाणीतूनच ओरडले, "अहो, ती सही तशीच राहू द्या. पुसू नका, आणि मला उठवू नका."

भाऊंनी सही राहू दिली. त्या दिवशी वर तळेगावात पकडलेल्या अकरा जणांची नावं, त्यांना कसं मारलं ते, आणि खाली फौजदारसाहेबांची ठसठशीत सही. दिवसभर लोक वाचत होते आणि म्हणत होते, "साहेब बी आलं म्हनायचं आपल्यात."

संध्याकाळी फळा जप्त झाला. मी करीमभाईंना म्हटलं, "गेला हो फळा."

"जातोय कुठं वहिनी," ते म्हणाले. "चौकीत भिंतीला लावून ठेवलाय. साहेबांची सही पुसायची कुणाची छाती होत नाही."

*

त्यानंतर भाऊ चोरून पत्रक छापायला लागले. कुठं गोळीबार झाला, कोण तुरुंगात गेलं, जे पेपरात येत नव्हतं ते सगळं त्यात असायचं. आणि छापखान्यावर नजर ठेवायला नेमणूक झाली ती हवालदारांची. हवालदार तळेगावजवळच्या इंदुरीचे. उंच, मिशाळ, डोक्यावर सरकारी पागोटं. चौथीपर्यंत शिकलेले. पण जुळवलेले खिळे उलटे असतात, आरशात दिसल्यासारखे. ते वाचणं हे चौथीचं काम नाही.

एकदा पत्रकाचा मजकूर जुळवून टेबलावर तयार, आणि हवालदार दारात.

"ह्ये काय छापताय?"

"लग्नपत्रिका," करीमभाई म्हणाले.

"वाचा."

करीमभाईंनी त्या पत्रकावर बोट फिरवत खणखणीत आवाजात लग्नपत्रिका वाचून दाखवली. नाव कुणाचं घ्यावं सुचेना. समोर अंगणात आमचे हे दाढी करत बसले होते. करीमभाईंनी त्यांचंच नाव वरपिता म्हणून ठोकून दिलं. आमच्या पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं लग्न, येत्या गुरुवारी, राहत्या घरी.

मला हे सांगायचं सगळे विसरले.

गुरुवारी मी केर काढत होते. बघते तर हवालदार धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे. "वैनी, मांडव कुटं हाय?"

छापखान्याच्या खिडकीतून करीमभाईंनी हात जोडले. मी काय समजायचं ते समजले. "अहो, मुलीकडे सुतक आलं," म्हटलं. "आजी गेली तिची. पुढं ढकललं." मग शिरा करून जेवायला वाढलं.

महिन्यानं त्यांनी विचारलं, "फिटलं का सुतक?" मी म्हटलं, "चुलते गेले." आणखी दोन महिन्यांनी पुन्हा तेच. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा गेले."

हवालदारांनी बोटांवर मोजलं, आजी, चुलते, मामा. मग म्हणाले, "वैनी, नवरी तरी ऱ्हायलीय का त्या घरात?"

*

पत्रक छापून झालं की वाटायचं कसं? ते काम चिक्कीवाल्या शेठजींकडे. चिक्कीच्या पुड्यात आणखी एक कागद घडी करून घातलेला असायचा. कुणाला तो पुडा द्यायचा आणि कुणाला साधा, ते शेठजींना तोंडपाठ.

कार्ल्याची एक म्हातारी दर मंगळवारी बाजाराला यायची आणि पुडा घेऊन जायची. तोंडात एक दात नाही. शेठजींनी विचारलं, "मावशी, चिक्की खाता तरी कशी?"

"चिक्की सून खाती. मी आतला कागद ऐकती."

"मग बरंय की."

"कसलं बरं?" म्हातारी म्हणाली. "सूनंचे दोन दात हलाय लागल्यात. लवकर आटपा म्हनावं तुमचं स्वराज्य."

*

आता घरचं सांगते. आमचे हे रेल्वेत गार्ड. स्वभाव अतिशय भित्रा. "छापखान्याकडे बघायचं नाही, नोकरी जाईल," हे मला रोज ऐकवायचे. ते रोज घाट उतरून कर्जतला जात आणि तिथं जेवत. जेवण झालं की डबा घासून द्यायला एक हमाल होता. तो आपल्यातला. म्हणून मी यांच्या डब्याच्या तळाशी, आमटीच्या भांड्याखाली पत्रकं ठेवायला लागले. हमाल डबा घासायला नेताना ती काढून घ्यायचा. यांना पत्ता नाही. मला मनातून वाईट वाटायचं, झोपही नीट लागेना. पण बातमी घाटाखाली जायला दुसरी वाट नव्हती.

दोन महिने असे गेले. एक दिवस हे जोडे घालता घालता म्हणाले, "अगं, उद्यापासून ती वरच्या खणात ठेवत जा."

"काय?"

"खाली आमटी झिरपते. कर्जतवाल्यांना शेवटच्या चार ओळी वाचता येत नाहीत. मला तोंडी सांगाव्या लागतात."

*

आणि हा शेवटचा.

एक पत्रक पुण्याला साहेबांच्या हाती लागलं. त्यातल्या एका ळ च्या वाटोळ्याला खाच होती, खिळा तेवढा टवकलेला. ज्या छापखान्यात तो खिळा सापडेल, तो छापखाना गुन्हेगार. पुण्याहून त्यातला जाणकार साहेब दुपारच्या गाडीनं येणार होता, आणि आमचे फौजदार सकाळी अकरालाच येऊन धडकले. सगळ्यांना बाहेर काढलं, हवालदारांना आत बसवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. जाताना अंगणातूनच ओरडून सांगितलं, "ळ सांभाळा, हवालदार. एक खिळा इकडचा तिकडे व्हायला नको."

तेव्हा आम्हाला कळलं, कशासाठी आलेत ते.

करीमभाई आमच्या पायरीवर बसले. "माझीच चूक, वहिनी. टवका मला माहीत होता. फेकून द्यायला हवा होता. पण लढाईच्या दिवसांत नवे खिळे आणणार कुठून? आधीच ळ मोजके." भाऊ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सुशीलावहिनींनी पिशवीत भाऊंची दोन धोतरं आणि घोंगडी भरली. धाकट्या मुलीनं विचारलं, "बाबा गावाला चाललेत?" वहिनींनी पिशवीचं तोंड बांधलं.

मी चहा केला आणि खिडकीशी गेले. म्हटलं, माणूस चहाला उठला तर काही करता येईल.

"हवालदार, चहा घ्या. इकडे गजाशी या."

स्टुलावरून त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "ड्यूटीवर पानी बी घेत न्हाई, वैनी. आन् खिडकी लावा."

"अहो, पण–"

"लावा म्हन्तो न्हवं."

सोळा वर्षांत पहिल्यांदा मी ती खिडकी लावली.

तीनला साहेब आला. कुलूप उघडलं. चष्मा पुसला, भिंग काढलं आणि म्हणाला, "ळ दाखवा."

करीमभाईंनी खणातलं ळ ची चिठ्ठी लावलेलं घर दाखवलं. साहेबानं बोटं घातली. घर रिकामं. शेजारची घरं बघितली, खालचे खण उपसले, फरशी झाडली. एक ळ नाही.

"मावळातला छापखाना," साहेब म्हणाला, "आणि ळ नाही?"

फौजदारांनी हवालदारांकडे बघितलं. हवालदार ताठ उभे. "कुनी आत आलं न्हाई, साहेब. कुलूप तर तुमीच घातल्यालं."

भाऊंचे खिसे तपासले, करीमभाईंचे तपासले. वहिनींच्या तांदळाच्या डब्यात हात घातला, माझ्या पिठाच्या डब्यातसुद्धा घातला. काही मिळालं नाही. साहेबाला परतीची गाडी गाठायची होती. फौजदार त्याच्या मागोमाग स्टेशनापर्यंत काहीतरी समजावत गेले.

वहिनींनी पिशवीतली धोतरं पुन्हा दांडीवर टाकली.

थोड्या वेळानं हवालदार आमच्या मागच्या दारी आले. मान जराही न हलवता, भिंतीला धरून खाली बसले.

"आता पानी द्या, वैनी."

मी तांब्या भरून दिला. त्यांनी आधी दोन्ही हातांनी पागोटं उतरवलं, डोक्यावरची भरलेली घागर उतरवावी तसं जपून, आणि पाटावर ठेवलं. पागोटं ठेवल्याचा कधी आवाज होत नाही. याचा झाला.

तांब्या रिकामा करून त्यांनी मिशा पुसल्या.

"खिडकी उघडा आता," म्हणाले. "आन् भाऊंस्नी हाक मारा. येताना म्हनावं, एक मोठी वाटी घिऊन या."