मुद्दाम बिघडवून बघणारे अण्णा

दुरुस्त झालेलं यंत्र मुद्दाम पुन्हा बिघडवून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अण्णा मूळचे निपाणीचे. बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या कारखान्यात लेथ दुरुस्त करण्यात उमर गेली आणि पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. "यंत्र ते यंत्रच की. याला तेल लागत नाही, एवढंच," म्हणायचे.

मी पुण्याहून बेंगळुरूला आयटीत आले आणि नोकरी सोडून लग्नांचे फोटो काढू लागले. त्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर चांगला ताकदवान होता. पण फोटो सुधारायला बसलं की ब्रश आत्ता फिरवावा आणि रेघ मागाहून यावी. सॉफ्टवेअर दोनदा काढून घातलं, मेमरी वाढवली. फरक शून्य. त्यात बेंगळुरूतल्याच के. आर. पुरमच्या एका नवरीच्या वडिलांची दृष्टी झपाट्याने चालली होती. दिसतंय तोवर त्यांना लेकीच्या लग्नाचे फोटो बघायचे होते, आणि माझे निम्मेसुद्धा झाले नव्हते.

शेजारणीने अण्णांना आणलं. ते हाताची घडी घालून बसले आणि तासभर कशाला शिवले नाहीत. मी काम करायचं, त्यांनी बघायचं.

"अक्का, सगळंच मंद आहे की काही ठरावीकच?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी घाईने म्हटलं, "सगळी सेटिंग्ज बदलून बघू या का?"

"छे छे. एका वेळी एकच. दोन औषधं घेतली तर गुण कुणाचा, ते कळायचं कसं?"

मग कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय, ते त्यांनी पडद्यावर उघडलं. चित्रांसाठी खास बसवलेलं ग्राफिक्स कार्ड चक्क रिकामं होतं. "हे बघा, जावईबापू बसलेत!" म्हणत अण्णा खुशीत टेबलाखाली शिरले. मॉनिटरची केबल त्या कार्डाला न लावता वरच्या दुसऱ्याच खाचेत लावलेली होती. लावली मीच होती. अण्णांनी ती बदलली आणि ब्रश पाण्यासारखा धावला. मी टाळी वाजवतेय तोवर त्यांनी केबल परत चुकीच्या जागी खोचली.

"अहो अण्णा!"

"स्वल्प थांबा. पुन्हा मंद झालं तरच कारण सापडलं म्हणायचं. नाहीतर आपण नुसते नशीबवान."

झालं, पुन्हा मंद झालं. तेव्हा कुठे केबल कार्डाला लावून त्यांनी चहा मागितला.

चौथ्या दिवशी मी फोटो घेऊन के. आर. पुरमला गेले. टीव्हीला जोडून द्यायला अण्णाही आले. नवरीचे वडील पडद्यापासून हातभर अंतरावर बसले. पहिल्याच फोटोवर त्यांनी हात वर करून थांबवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग ते कन्नडमध्ये हळूच काही बोलले. अण्णांनी मला सांगितलं, "म्हणतात, हसली की पोरीच्या गालाला खळी पडते. लग्नात लांबून ती खळी दिसलीच नव्हती." मी सवयीने कॅमेरा उचलून एक फोटो काढला.

पुढे अण्णा निपाणीला मुलीकडे राहायला गेले. या उन्हाळ्यात तिचा फोन आला. अण्णा वारले होते. भिंतीवर लावायला तिला त्यांचा चांगला फोटो हवा होता. माझ्याकडे शोधून तो एकच निघाला. त्यात घरातले सगळे टीव्हीकडे बघताहेत आणि अण्णा एकटेच त्या वडिलांच्या चेहऱ्याकडे. "बाकीचे कापून नुसते बाबा ठेवाल का?" तिने विचारलं. मी तसा कापून दिला. पण सोबत अख्खाही पाठवला. ते काय बघत होते, हे तिलाही दिसायला हवं होतं.