मागच्या सीटवरच्या दोघांसाठी

ऑगस्टमधल्या त्या दुपारी बर्मिंगहॅमच्या बसमध्ये, खालच्या मजल्यावर, मागच्या सीटवर बसून "पुढच्या स्टॉपला उतरूया का?" असं मराठीत कुजबुजणारे तुम्हीच होतात का?

मी पुढे बसले होते. कपाळावर ठसठशीत टिकली होती. एरवी मी टिकली लावत नाही. त्या दिवशी मुद्दाम लावली होती.

त्या आठवड्यात इंग्लंडभर गावोगावी बाहेरून आलेल्यांवर, त्यातही मुसलमानांवर, दगडफेक चालली होती. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरत होता. लोकांचा राग आपल्यावर नाही, तेव्हा आपण कोण ते बाहेरून दिसू द्या. झालं! लोकांनी लॉफ्टमधून दिवाळीचे आकाशकंदील खाली काढले आणि भर ऑगस्टमध्ये दारात टांगले. आमच्या रस्त्यावर तीन लागले. त्यातला एक आमचा होता, आणि तो बाबांनी टांगला होता.

माझे बाबा नागपुरात पत्रकं काढायचे. फीवाढीविरुद्ध, झोपडपट्टी पाडण्याविरुद्ध, दंगलीनंतर शांततेसाठी. जोडाक्षरं मी त्या पत्रकांवरच शिकले. जेवणं झाली की ताटं उचलायची आणि घड्या घालायला बसायचं, हे आमच्या घरातलं वळण. मी अकरा वर्षांची असताना आईला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा सामानात जुन्या पत्रकांची एक अख्खी बॅग आली. तो माणूस आता स्टुलावर चढून कंदिलाची दोरी बांधत होता.

"बाबा, त्यांना कंदील काय कळणार आहे?"

"नाही कळला तर नाही. मला जरा झोप लागेल."

मी स्टूल धरून उभी राहिले.

आमच्या शेजारी सिल्हेटहून आलेलं एक बांगलादेशी कुटुंब राहतं. त्या घरातल्या बाईंना मी खाला म्हणते, म्हणजे मावशी. त्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करतात. हिंदी त्यांना टीव्हीवरच्या मालिकांनी शिकवली, त्यामुळे साधं मीठ मागतानाही त्या एखाद्या सासूसारख्या बोलतात. मला 'मा' म्हणून हाक मारतात. त्यांच्याकडे लेकीला तसंच म्हणतात.

त्या दुपारी खाला कामावरून परत येत होत्या. माझ्या समोरच्या सीटवर, पायाशी चाकांची पिशवी. दोन माणसं बसमध्ये चढली. तरुण नव्हती, चाळिशीची असतील. एकाने पिशवीला लाथ मारली. कांदे घरंगळत माझ्या बुटांपर्यंत आले. "जा तुमच्या घरी," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ही तुझी आई का गं?"

खाला माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "नो. आय ॲम इंडियन. हिंदू."

तो मनापासून हसला. "सेम थिंग, लव्ह."

मग त्याने खालांच्या दंडाला धरून त्यांना दाराशी ओढलं. स्टॉप आला, दार उघडलं आणि त्याने त्यांना ढकललं. त्या हातावर पडल्या. तो आवाज मला ऐकू आला. मला उतरता आलं असतं. दार उघडंच होतं. मी कांद्यांकडे बघत बसले. दार बंद झालं आणि बस निघाली.

ते दोघे मात्र बसमध्येच होते. तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

"तुझा स्टॉप कुठला?"

माझा स्टॉप आला, गेला. तेवढ्यात मागून ते मराठी वाक्य ऐकू आलं. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. पावलं वाजली, दार उघडलं, बंद झालं. मी मागे वळून पाहिलंच नाही, म्हणून तुमचे चेहरे मला माहीत नाहीत. पुढच्या स्टॉपला ते दोघेही कंटाळून उतरले.

तीन दिवसांनी सकाळी दार उघडलं तर कंदिलाच्या जळक्या काड्या लोंबत होत्या आणि दाराच्या चौकटीवर हातभर काळा डाग होता. बाबांनी तो पुसला. गेला नाही. मग त्यांनी चहा केला आणि प्यायला विसरले.

तोवर शेजारी वेगळंच काही सुरू झालं होतं. खालांच्या स्वयंपाकघरात आसपासच्या बांगलादेशी बायका जमू लागल्या होत्या. खालांच्या सासऱ्यांच्या पिढीने लंडनमध्ये असेच हल्ले झाले तेव्हा पाळीपाळीने रस्त्यांवर पहारा दिला होता. या बायकांनी बस धरली. कामावर जायच्या-यायच्या वेळेला प्रत्येक बसमध्ये दोघी बसणार, खालच्या मजल्यावर, शेजारी शेजारी, हातात वही. वेळ, बस, काय झालं, कोण होतं, सगळं लिहायचं. फ्रिजवर पाळ्यांचा कागद लागला होता.

मी गेले ती पत्रक घेऊन. बाबांसारखी मीही पत्रकं लिहिते; हे रात्रभर जागून लिहिलं होतं, आग ओकणारं. खालांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. डाव्या हाताने कागद धरून त्यांनी तो मला वाचून दाखवायला लावला.

"छान आहे, मा. खाली नाव कोणाचं?"

"नाव नसतं, खाला. 'जागरूक नागरिक' असं लिहितात."

"पोलिसांना जागरूक नागरिक चालत नाही," त्या म्हणाल्या. बायका खो खो हसल्या. एकीने विचारलं, "त्याची जन्मतारीख काय म्हणे?"

खाला हसल्या नाहीत. पोलिसांनी त्या दोघांना पकडलं होतं, पण ते सगळं नाकारत होते, ड्रायव्हर काही दिसलं नाही म्हणत होता आणि बसच्या कॅमेऱ्यात फक्त पाठी दिसत होत्या. एका बाजूला त्या एकट्या, दुसऱ्या बाजूला ते दोघे. साक्षीदार मिळाला नाही तर केस बंद होणार होती.

"पत्रक नंतर लिही. आधी जबाब दे."

"खाला, त्या दिवशी मी..."

"तू घाबरलीस. मीपण. आता जबाब दे."

आई ऐकून हबकली. "तुझं नाव त्यांच्या वकिलाकडे जाईल. आणि रोज त्याच बसने जायचंय तुला!" तिचं बरोबरच होतं. मी आजवर शेकडो पत्रकांमध्ये 'आम्ही' लिहिलं असेल. जबाबाच्या पहिल्या ओळीत माझं नाव होतं, दुसऱ्या ओळीत पत्ता. ते सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की पोलीस बाईंना दोनदा विचारावं लागलं. मी काय बोलले होते तेही मी लिहायला लावलं.

आता सुनावणी जवळ आली आहे. त्या दोघांच्या वकिलाचं म्हणणं, मी खालांची शेजारीण, म्हणजे त्यांच्याच बाजूची. ते खरं आहे. आता तरी मी त्यांच्याच बाजूची आहे. म्हणूनच केवळ माझ्या शब्दावर हे टिकेल असं सांगता येत नाही. ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही, असे दोनच जण त्या बसमध्ये होते, आणि ते मराठी बोलत होते.

मला अजून भीती वाटते. दार उघडलं की मी आधी बूट बघते, मग चेहरा. तरी बसमध्ये वही घेऊन बसायची माझी पाळी मंगळवारी आणि गुरुवारी असते.

म्हणून हे मी मंडळाच्या अंकात लिहिते आहे, कारण हा अंक तुमच्या घरी येतो. तुम्ही उतरलात याबद्दल मी काही विचारणार नाही. उतरायला हवं होतं तेव्हा मीही उतरले नव्हते. मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी त्याच बसमध्ये चढा. खालच्या मजल्यावर हाताला प्लास्टर असलेल्या बाईंच्या शेजारी मी असेन. काही बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका, नुसते येऊन बसा. आपण एकत्र उतरू, पोलीस ठाण्यात जाऊ, आणि तिथे तुम्ही तुमचं नाव सांगा.