डावखुऱ्याचा हातोडा

मोरोक्कोतल्या फेज शहरात तांबटांचा एक जुना चौक आहे. मी तिथे एकदाच गेलो, फार तर दोन तास होतो. तिथे मी काय केलं ते माझ्या बायकोलाही पूर्ण ठाऊक नाही.

माझे वडील, अण्णा, तांबट होते. पुण्याच्या तांबट आळीत चाळीस वर्षं त्यांनी हंडे, घंगाळी, बंब ठोकले. आई गेल्यावर मी त्यांना अमेरिकेत ॲन आर्बरला आणलं, तेव्हा त्यांच्या बॅगेत जुन्या धोतरात गुंडाळलेला एक हातोडा होता. जन्मभराच्या ठोकाठोकीने त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळे ते बोलायचे मोठ्याने. इथल्या मराठी मंडळींना मी त्याआधीच सांगून ठेवलं होतं की वडिलांचा भांड्यांचा बिझनेस आहे.

एका शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणला होता. कुणीतरी विचारलं, "काका, बिझनेस आता कोण बघतं?"

"कसला बिझनेस? मी तांबट!" अण्णा म्हणाले आणि आतून हातोडाच घेऊन आले. कार्पेटवर मांडी घालून, भांडं पायाने दाबून कसं धरायचं ते दाखवू लागले.

माझा एक डॉक्टर मित्र म्हणाला, "बरं झालं काका भेटलात. आमच्या कुकरला पोचा पडलाय. फिक्स करून द्या ना यार!"

"आणा की! पण लग्नात मिळालेला असेल तर बायकोला विचारून आणा."

सगळे हसले, अण्णा सगळ्यात जास्त. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी माझे कान तापले होते. पुढच्या महिन्यात आम्ही स्वतःच्या घरात राहायला गेलो. सामान बांधताना मी तो हातोडा अपार्टमेंटमागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि अण्णांना सांगितलं, "मूव्हिंगमध्ये हरवला."

त्यांनी वाद घातला नाही. गराजमधली खोकी मात्र ते एकेक करून उघडत राहिले. थंडी पडली तरी कोट घालून तिथे बसत.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो. अण्णांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी पाट मांडला आणि पाटावर ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मी गाडीतला पाना आणून ठेवला. त्यांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाले, "हे झालं तुझं. माझं कुठाय?"

पुढच्या वर्षी, सप्टेंबरात, कंपनीने मला दहा दिवस मोरोक्कोला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी मी फेजला गेलो. जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. बरोबर इंग्रजी बोलणारा एक वाटाड्या होता. चौक दिसण्याआधी मला ऐकू आला. एकाचा घाव, त्याच्या मागून दुसऱ्याचा, मध्ये तिसऱ्याचा हलका. माझे पाय आपोआप भरभर पडू लागले.

चौकात मध्ये एक झाड, भोवती दुकानं, आणि दुकानांपुढे जमिनीवर बसलेली माणसं. लग्नाच्या जेवणाचे मोठाले हंडे उन्हात ओळीने ठेवलेले. एक म्हातारा पातेलं पायाच्या अंगठ्याने दाबून ठोकत होता, अगदी अण्णांसारखं. त्याच्या हातात तसाच हातोडा होता. मला वाटलं, सुटलो.

मी वाटाड्याला म्हणालो, "याला विचार, हातोडा विकणार का?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. वाटाड्याने सांगितलं, "तो म्हणतो, कुठलंही भांडं घ्या. हा त्याच्या वडिलांचा आहे."

मी जास्त देतो म्हणालो. मग आणखी जास्त. म्हाताऱ्याने ठोकणं थांबवलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"विचारतोय, तुम्हाला हा कशाला हवा?"

माझे वडीलही तांबट आहेत, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. पलीकडच्या माणसाला ते ऐकून आनंदच झाला असता. कदाचित त्याने चहा पाजला असता, कदाचित दुसरा एखादा हातोडा शोधून दिला असता.

"सुवेनिर म्हणून," मी म्हणालो. "भिंतीवर लावायला."

म्हाताऱ्याने पातेलं बाजूला सरकवलं. मग त्याने हातोडा फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवला आणि दुसरीकडे बघू लागला. चौकातून बाहेर पडताना वाटाड्या हसून म्हणाला, "नशीबवान आहात. त्याची बायको आजारी आहे, नाहीतर त्याने दिला नसता." मी परत फिरलो नाही.

घरी आल्यावर मी हातोडा अण्णांच्या हातात दिला. "अण्णा, हा बघा, एका खोक्यात सापडला."

त्यांनी मूठ वळली, सोडली, परत वळली. दांड्यावर बोटांनी झिजून पडलेल्या खळग्यांवरून अंगठा फिरवला. मग हातोडा डाव्या हातात घेतला.

"हा डावखुऱ्या माणसाचा आहे," ते म्हणाले. "कुठून आणलास?"

मी फेजचं सांगितलं. ते म्हातारे गृहस्थ डाव्या हाताने ठोकत होते, हे मला तेव्हा आठवलं.

"आणि त्याने दिला?"

"विकत घेतला."

"कारागीर असा देत नाही. त्याच्या घरी काय झालं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "म्हातारा झालाय. काम बंद करणार होता."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "आणि माझा हरवला," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. त्यानंतर ते गराजमध्ये गेले नाहीत.

खंडेनवमीला त्यांनी तो हातोडा पाटावर ठेवला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूऐवजी अंगणातली पिवळी शेवंती वाहिली. कानांमुळे ते देवाशीही मोठ्यानेच बोलत. मी स्वयंपाकघरात होतो तरी प्रत्येक शब्द ऐकू आला. "ज्याचा आहे त्याच्या घरी बरं असू दे." स्वतःसाठी काही मागितल्याचं ऐकू आलं नाही. त्या हातोड्याने त्यांनी एकही घाव घातला नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नव्हतं, त्यामुळे परत पाठवायचा तरी कुणाच्या नावे? यंदा खंडेनवमीला मी एकट्यानेच पाट मांडला. अकरा वर्षांची माझी मुलगी शेजारी येऊन बसली, तिने हातोडा उचलला, दांडा चाचपून पाहिला.

"बाबा, वॉज धिस आजोबाज?"

मी "हो" म्हणालो.

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे. तिला मराठी वाचता येत नाही.