विलायती किल्ल्यातला साखरपुडा

मुलीच्या साखरपुड्याचं ठिकाण पाहून मला आधी हसूच आलं. विदिशा रोडला, शेतांच्या मधोमध, विलायती किल्ल्यासारखं एक रिसॉर्ट आहे. बुरूज, बुरुजांवर टोकदार टोप्या, दाराशी खंदक. खंदकात पाणी नव्हतं, कुठल्यातरी लग्नातल्या थर्माकोलच्या थाळ्या होत्या. खरा किल्ला हवा तर रायसेनला आहे की! पण तिथे एसी नाही, आणि गड चढून आलेले पाहुणे धापा टाकत जेवायला बसणार. मुलाकडची मंडळी इथली, भोपाळची, भारी हौशी. अंगठ्या घालून झाल्या की ‘कॅसिनो नाइट’, म्हणजे जुगाराची टेबलं खरी, नाणी प्लास्टिकची, जिंकलात तर चॉकलेट. आमच्या घरातला जुगार चिंचोक्यांच्या पुढे कधी गेला नाही.

पत्रिकेत संध्याकाळी पाच छापलं होतं. भोपाळमध्ये पत्रिकेतले पाच म्हणजे आठ, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते फक्त आमच्या ह्यांना. महाराष्ट्रातून बदली होऊन इथल्या कारखान्यात आले, ते निवृत्त होईपर्यंत भोंग्याच्या आधी गेटवर हजर. वेळ न पाळणारा माणूस ह्यांच्या लेखी खोटारडा, विषय संपला. मागे इंदूरचं एक स्थळ आलं होतं. ती मंडळी उशिरा पोचली, तर ह्यांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. मुलगी तेव्हा काही बोलली नाही, कारण तो मुलगा तिला नकोच होता.

हा मात्र हवा होता. आदल्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, बाबा उद्या चिडून उठून गेले ना, तर सगळं संपलं. ते लोक उशिरा येणार, मी सांगून ठेवते.”

“काहीतरी अभद्र बोलू नकोस,” मी म्हटलं.

तरी मी ह्यांना सुचवून पाहिलं, जरा सावकाश निघू या. “पाच छापलंय ना? मग पाच!” आमचे पाहुणे शहाणे, ते आठच्या बेताने येणार होते. आम्ही तिघं अयोध्या नगरातल्या घरातून निघालो ते पाचाच्या आधीच किल्ल्यावर. दरवान पत्र्याचं चिलखत घालून, शिरस्त्राण काखेत धरून समोसा खात उभा होता. म्हणाला, “अंकल, अभी तो झाडू भी नहीं लगी।”

आत शिडीवर माणसं फुलं बांधत होती. हे एका सिंहासनासारख्या खुर्चीत बसले आणि घड्याळ बघायला लागले. चहा विचारला, नको. पाणी, नको. मग चष्मा काढून पुसायला लागले. ह्यांनी चष्मा पुसायला घेतला की समजावं, आता भडका उडणार. मुलगी नटूनथटून खोलीच्या दारात येई, बापाकडे बघे आणि परत आत जाई. तिने मुलाला फोन केला. “बस, निकल ही रहे हैं,” तो म्हणाला. म्हणजे अजून कोणीतरी आंघोळीला गेलेलं असणार.

एवढ्यात हे उठले. मला वाटलं, निघाले! पण ते बाहेर न जाता आकड्यांच्या चाकापाशी गेले. तिथे एक मुलगी टेबल मांडत होती. “ये कैसे खेलते हैं?” ह्यांनी विचारलं, आणि चक्क खेळायला लागले! बाहेर अंधारलं, बुरुजांवर दिवे लागले, हे आपले नाणी लावतायत. मला रागच आला. इथे लेकीचा जीव टांगणीला, आणि ह्यांना खेळ सुचतोय!

“अहो, वयाला शोभतं का हे?”

“थांब गं. डाव चाललाय.”

चाक थांबलं. “अंकल, आप जीत गए!” ती मुलगी ओरडली. हे हललेसुद्धा नाहीत. गोळी कुठल्या आकड्यावर पडली, ते ह्यांनी पाहिलंच नव्हतं. दाराकडे पाठ करून, टेबलाची कड घट्ट धरून ते नुसते उभे होते. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. हा माणूस खेळत नव्हता. उठून जायचं नाही म्हणून स्वतःला तिथे धरून उभा होता. मी मुकाट्याने त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि एक नाणं लावलं.

ढोल वाजवत मुलाकडचे आले तेव्हा हॉल भरत आला होता. मुलाचे वडील हात जोडून पुढे झाले. “भाईसाहब, बड़ी देर हो गई। आप लोग कब से बैठे हैं?”

मुलगी खोलीच्या दारात थिजली होती. दरवानही बघत राहिला.

“नहीं, नहीं,” हे म्हणाले, “हम भी बस अभी पहुँचे हैं।”

लग्नाच्या इतक्या वर्षांत ह्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलगी धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. सगळा मेकअप ह्यांच्या सुटावर.

मुलाच्या आईने कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “अरे बेटा, अभी से? बिदाई में तो अभी बहुत टाइम है।”